फेरारी एफ८० चा काळा पट्टा: चाहत्यांचा राग कुठे बरोबर आणि कुठे भलतीकडेच

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. फेरारीची एफ८० ही सुपरकार आल्यापासून तुमच्या कॉलेजच्या गाडीवेड्या मंडळींत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, समोरच्या त्या काळ्या पट्ट्याने गाडीचा चेहराच घालवला, मागचे गोल दिवे गेले, बारा सिलिंडरचं व्ही-१२ इंजिन गेलं, आणि पिनिनफरिना या इटालियन डिझाइन स्टुडिओच्या हातून सुटल्यापासून फेरारी देखणी राहिलीच नाही. दुसरा तट म्हणतो, एवढ्या वेगाच्या गाडीला रूप वाराच देतो, तिथे आवडीनिवडीला जागाच उरत नाही. आणि तुला हवंय ते असं, की गाड्यांच्या बाह्यरूपावर ज्यांचं पोट चालतं ती माणसं याकडे कशी बघतात.

मी पुण्यात बरीच वर्षं हेच काम करते आहे, मातीच्या नमुन्यापासून, म्हणजे क्ले मॉडेलपासून, शेवटच्या सरफेसपर्यंत. सुपरकार आमच्याकडे येत नाही, रोजच्या वापरातल्या गाड्या येतात. पण दिव्यांच्या मधली जागा काळी करायची की बॉडीच्या रंगात ठेवायची, हा वाद छोट्या हॅचबॅकवरही तितकाच तापतो, त्यामुळे एफ८० वरचं भांडण मला परकं वाटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. पट्ट्यावरचा राग मला रास्त वाटतो, पण त्याचं जे कारण दिलं जातं ते बरोबर नाही. गोल दिव्यांची तक्रार पूर्ण पटते. व्ही-१२ ची तक्रार रूपाच्या चर्चेत आणूच नये. आणि ‘वाराच रूप देतो’ हे वाक्य आमच्या धंद्यातली माणसंसुद्धा अडचणीत सापडली की वापरतात, त्यावर फार विश्वास ठेवू नकोस.

सुरुवात चेहऱ्यापासून करू नकोस. गाडीचा बाजूचा फोटो घे, अगदी सपाट काटकोनातला. चाकांच्या मध्यांमधलं अंतर, पुढच्या चाकापुढे किती नाक आहे, मागच्या चाकामागे किती शेपूट आहे, आणि काचांचा भाग एकूण उंचीच्या किती हिस्सा आहे, एवढंच बघ. बाकी सगळं हाताने झाकलंस तरी चालेल. एफ८० इथे खणखणीत पास होते. केबिन लहान आहे, पुढे सरकलेली आहे आणि वरून बघितली तर चांगलीच अरुंद आहे. ती अरुंद ठेवता यावी म्हणून फेरारीने शेजारच्या माणसाची सीट ड्रायव्हरच्या किंचित मागे ढकलली. ड्रायव्हरची सीट रंगीत आणि शेजारची आतल्या काळ्या भागांत मिसळणारी, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला एकट्या माणसाची रेसिंग गाडी वाटावी. दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसवली असती तर छत रुंद झालं असतं, आणि मागच्या चाकांवरचा जो भरदार खांदा आज दिसतो तो उरला नसता. या निर्णयाबद्दल चाहत्यांत फारसं कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण अख्ख्या गाडीतला सगळ्यात धाडसी रूपाचा निर्णय मला हाच वाटतो.

आता वाऱ्याचं. एफ८० ताशी २५० किमी वेगाला १,०५० किलो दाब जमिनीकडे निर्माण करते, त्यातला ४६० किलो पुढे आणि ५९० किलो मागे. गाडीचं कोरडं, म्हणजे इंधन-तेल न धरता, वजन १,५२५ किलो आहे हे लक्षात घेतलं की आकडा केवढा आहे ते कळेल. हा दाब फक्त मागच्या वर उठणाऱ्या पंखातून येत नाही. गाडीच्या पोटाखाली १.८ मीटर लांबीचा डिफ्यूझर आहे, म्हणजे मागे वर चढत जाणारी हवेची वाट. तो इतका आधी सुरू करायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स किंचित तिरके, मागून वर उचललेले बसवावे लागतात. समोर बोनेटखाली हवेला वाट दिलेली आहे, म्हणजे नाकाखालून घुसलेली हवा बोनेटवरून बाहेर पडते. थोडक्यात, समोरचं नाक म्हणजे पत्र्याचा डबा राहिलेला नाही. एकावर एक ठेवलेल्या पंखांची ती रचना आहे, आणि दिव्यांना त्यात पातळशी फट मिळते.

इथपर्यंत दुसरा तट बरोबर आहे. पण वारा आकार देतो, रंग देत नाही. फट कुठे पडेल आणि किती जाड असेल हे विंड टनेल ठरवेल. ती फट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळी, चकचकीत आणि अखंड दिसावी, हे माणसं ठरवतात. दिव्यांच्या मधला तो भाग बॉडीच्या लाल रंगात रंगवला असता तर हवेला काडीचाही फरक पडला नसता. म्हणून पट्टा ही शंभर टक्के डिझायनरांची निवड आहे, आणि तिची दाद किंवा तक्रार त्यांच्याकडेच जायला हवी.

हे स्टुडिओत कसं दिसतं ते सांगते, म्हणजे मुद्दा कळेल. क्ले मॉडेल पूर्ण होत आलं की आम्ही त्यावर डायनॉक फिल्म चढवतो. ही रंगीत ताणता येणारी फिल्म असते, ओली करून क्लेवर पसरायची आणि रबरी पट्टीने मधलं पाणी आणि हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. तपकिरी माती एकदम पत्र्यासारखी चमकू लागते आणि वरच्या ट्यूबलाइटची रेष कुठे वाकडी धावते ते लगेच उघडं पडतं. मग दिव्यांच्या, जाळीच्या आणि काचांच्या जागी काळी फिल्म कापून लावतात, आणि कडा टेपने नेमक्या करतात. त्या क्षणापर्यंत मॉडेलला चेहरा नसतो. काळं लागलं की चेहरा उमटतो. टेप तीन-चार मिलिमीटर वर सरकवली तर गाडी झोपाळू दिसते, कोपरा थोडा खाली घेतला तर चिडलेली दिसते. आणि दोन दिव्यांची काळी फिल्म मध्ये जोडून टाकली, की आमच्याकडे हमखास कोणीतरी मागून विचारतं, ‘ही बघतेय कुठे?’

काळ्या अखंड पट्ट्याची अडचण हीच. काळा गॉगल लावलेल्या माणसाशी बोलताना त्याची नजर कळत नाही, तसं होतं. पण म्हणून ‘गाडीला डोळे हवेतच’ हा तुझ्या मित्रांचा नियम खरा मानू नकोस. फेरारीच्याच ज्या एफ४० चं उदाहरण सगळे देतात, तिचे मुख्य हेडलॅम्प दिवसा दिसतच नाहीत, ते बोनेटमधून वर उघडणारे आहेत. १९८४ ची २८८ जीटीओ तशीच, त्याच वर्षीची टेस्टारोसाही तशीच. मग १९८७ च्या एफ४० ला चेहरा नाही असं कोणीच का म्हणत नाही? कारण तिथे लाल पत्रा सलग बोनेटपासून नाकाच्या टोकापर्यंत खाली येतो आणि खालच्या दोन कोपऱ्यांत काचेमागे लहान दिवे बसलेले आहेत. नजर त्या कोपऱ्यांवर स्थिरावते, मधलं नाक मोकळं राहतं. चेहरा दिसायला ठळक डोळे लागत नाहीत, कोपरे लागतात. एफ८० मध्ये काळा पट्टा आडवा सरळ जातो आणि नजरेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती घसरवत नेतो. थांबायला जागा देत नाही. चाहत्यांना जे खुपतंय ते हे आहे, त्यांनी त्याला ‘काळा रंग’ असं नाव दिलंय इतकंच.

आता हा पट्टा आला कुठून? फेरारीने तो हवेतून काढलेला नाही. १९६८ च्या पॅरिस मोटार शोमध्ये ३६५ जीटीबी/४ आली, जिला सगळे डेटोना म्हणतात. पिनिनफरिनात असलेल्या लिओनार्दो फिओरावांतींचं ते काम. तिच्या नाकावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पारदर्शक प्लेक्सिग्लासची पट्टी होती आणि हेडलॅम्प तिच्या मागे बसवले होते. त्या काळी फेरारीच्या गोल दिव्यांची सवय असलेल्या डोळ्यांना तो धक्काच होता. मग अमेरिकेचे नियम आड आले. काचेने झाकलेले हेडलॅम्प तिथे चालत नव्हते, म्हणून १९७१ पासून डेटोनाला वर उघडणारे दिवे आले. आज ज्या पट्टीला अभिजात म्हणतात ती मूळ रूपात जेमतेम तीन वर्षं टिकली.

पण डेटोनाच्या पट्टीत आणि एफ८० च्या पट्ट्यात एक मोठा फरक आहे. डेटोनाची पट्टी पारदर्शक होती. आत दिवे दिसत होते, खोली दिसत होती, काचेवर आभाळ उतरत होतं. बोनेट लांब होतं आणि त्या लांबीला शेवटी एका आडव्या रेषेने बंद करणं हे प्रमाणाच्या दृष्टीने चपखल होतं. २ मे २०२४ ला मायामीत दाखवलेल्या फेरारीच्या दोदिची चिलिंद्रीवर हाच पट्टा परत आला, आणि तिथे तो मला मनापासून आवडतो. कारण ती गाडी डेटोनाचीच वारस आहे. ६.५ लिटरचं व्ही-१२ समोर, त्यापायी लांबलचक बोनेट, आणि त्या बोनेटला शेवट हवा. एफ८० चं इंजिन मागे आहे. नाक आखूड आणि जमिनीला टेकलेलं. तिथे शेवट करायला लांबी उरलेलीच नाही, त्यामुळे पट्टा वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

आणि माझी खरी तक्रार याच्याही पुढची आहे. दोदिची चिलिंद्री मे २०२४ मध्ये, एफ८० ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि ८४९ टेस्टारोसा सप्टेंबर २०२५ मध्ये. दीड वर्षाच्या आत तीन गाड्या, इंजिनं वेगळी, काम वेगळं, गिऱ्हाईक वेगळं, आणि तिघींच्या कपाळावर दिव्यांना जोडणारी तीच काळी आडवी पट्टी. एफ८० फक्त ७९९ बनणार, किंमत सुमारे ३६ लाख युरो, आणि ती २८८ जीटीओ, एफ४०, एफ५०, एन्झो, लाफेरारी या फेरारीच्या शिखरावरच्या गाड्यांच्या घराण्यातली आहे. २८८ जीटीओ सोडली तर या घराण्यातल्या प्रत्येक गाडीने त्या त्या वेळी फेरारीच्या इतर गाड्यांपेक्षा वेगळा चेहरा आणला. एन्झोचं नाक रेसिंग गाडीच्या नाकासारखं मधे पुढे आलेलं होतं. दुसऱ्या कुठल्या फेरारीशी तिची गल्लत होणं शक्य नव्हतं. एफ८० चा फक्त समोरचा भाग दाखवला तर गल्लत होऊ शकते, आणि शिखरावरच्या गाडीच्या बाबतीत तसं व्हायला नको होतं. फेरारीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख फ्लाव्हिओ मान्झोनी यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे, लाफेरारीची बाजू तर मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. तरीही ही निवड मला चुकीची वाटते.

काही जणांनी एफ८० ला ‘व्हिडिओ गेममधली गाडी’ म्हटलंय, त्यात तथ्य आहे. फेरारीने २०२२ मध्ये खास एका गेमसाठी व्हिजन ग्रान तुरिस्मो ही कल्पनेतली गाडी दाखवली होती आणि एफ८० च्या अनेक खुणा तिच्यात आधीच दिसतात. मला यात काही गैर वाटत नाही. पूर्वी मोटार शोमध्ये कन्सेप्ट ठेवून लोकांचे चेहरे वाचायचे, आता ते काम पडद्यावर होतं.

मागच्या बाजूला जाऊ. एफ४०, एफ५०, एन्झो, तिघींना मागे चार गोल दिवे. लाफेरारीला दोन, पण गोलच. रात्री महामार्गावर लांबून ओळख पटायची ती त्या गोलांमुळे. एफ८० मध्ये दोन आडव्या पट्ट्यांच्या मधे पातळ दिवे दाबून बसवले आहेत. खाली डिफ्यूझर आणि वर उठणारा पंख यांनी मागचा जवळजवळ सगळा उभा भाग खाल्ला, मधे जी चिंचोळी जागा उरली तिथे दिवे आले, हे कारण खरं आहे. पण गोल दिवा लहानही करता येतो. पातळ आडवा लाल दिवा आज इतक्या एसयूव्हींना आहे, की तो बघून मनात कुठलंच नाव येत नाही. सोपी, हमखास ओळखू येणारी खूण हातात असताना ती सोडून द्यायला माझं मन धजावलं नसतं. बाकी मागचा भाग मात्र उत्तम जमलाय. इंजिनच्या झाकणावर सहा सिलिंडरसाठी सहा फटी ठेवल्या आहेत. ही बारीक गोष्ट कळली की गाडी अजून आवडू लागते.

व्ही-१२ बद्दल थोडक्यात. २८८ जीटीओ आणि एफ४० दोन्हींत टर्बो व्ही-८ होतं, तेव्हा या घराण्यात बारा सिलिंडर हा नियम कधीच नव्हता. १९८० च्या दशकात फॉर्म्युला वन टर्बोंची होती म्हणून त्या गाड्या टर्बो. आज फेरारीची ४९९पी ही व्ही-६ हायब्रिड गाडी २०२३, २०२४ आणि २०२५, सलग तीन वर्षं ले मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली आहे, म्हणून एफ८० मध्ये ३ लिटरचं व्ही-६. इंजिनातून ९०० आणि विजेच्या मोटारींतून ३००, मिळून १,२०० अश्वशक्ती. आवाजाची हळहळ मी समजू शकते. पण व्ही-६ आखूड असतं म्हणूनच गाडीच्या पोटाखाली तो लांब डिफ्यूझर बसला आणि केबिन पुढे सरकली. जी बाजूची रेष बघून तुझे मित्रसुद्धा गप्प बसतात, ती याच इंजिनामुळे मिळाली आहे.

पिनिनफरिनाचं म्हणशील, तर आठवणीत चांगलंच उरतं. फेरारीशी त्यांचा संसार १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१२ च्या एफ१२ बर्लिनेटापर्यंत चालला. या काळात अप्रतिम गाड्या झाल्या आणि साधारणही झाल्या. १९९५ ची एफ५० पिनिनफरिनाचीच आणि तिला एफ४० पुढे नाकं मुरडली गेली. २००२ ची एन्झो केन ओकुयामांनी तिथेच रेखाटली, आणि तिच्या कोनदार आकाराला कुरूप म्हणणारे तेव्हा ढिगाने होते. मूळ टेस्टारोसाच्या दारांवरच्या त्या पट्ट्यांवरही लोक हसले होते. खरं तर रेडिएटर बाजूंना नेल्यामुळे हवेसाठी मोठी तोंडं लागणार होती आणि काही देशांच्या नियमांना एवढी उघडी पोकळी चालत नव्हती, म्हणून त्या पट्ट्या आल्या. आज ८४९ टेस्टारोसावर त्या नाहीत म्हणून तेच लोक चिडलेत. आता तुझा दुसरा तट म्हणेल, बघा, एफ८० लाही काळ न्याय देईल. देईलही. पण काळाने ज्यांना न्याय दिला त्या सगळ्यांत त्या गाडीचं स्वतःचं असं काही होतं, जे दुसऱ्या कुठल्या गाडीवर नव्हतं. एफ८० ची केबिन आणि बाजू तशी आहे. पट्टा तसा नाही.

हेही लक्षात ठेव, की तुम्ही भांडताय ते फोटोंवरून. कंपनीचे पहिले फोटो बहुधा खालून आणि जवळून घेतलेले असतात, भिंगामुळे नाक फुगतं आणि केबिन मागे पळते. लांबून, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून घेतलेले फोटो शोध. रंगाचाही फरक मोठा आहे. लाल किंवा पिवळ्या गाडीवर पट्टा ओरडतो, गडद करड्या किंवा काळ्या गाडीवर तो विरून जातो. हा फरक मी दोष म्हणूनच मोजते. फेरारीचं रूप लाल रंगात सगळ्यात चांगलं दिसायला हवं, आणि इथे उलटं झालंय.

मॅकलारेनच्या डब्ल्यू१ शी तुलना केली होतीस. ती एफ८० च्या काही दिवस आधी आली, तिचा चेहरा कोणाला खटकला नाही, कारण तो मॅकलारेनच्या इतर गाड्यांसारखाच आहे. तिच्याबद्दलची नापसंती सौम्य आहे पण मूळ तेच आहे, शिखरावरची गाडी बाकीच्यांत मिसळून जाते. मला विचारशील तर दोघींत एफ८० जास्त मोठी झेप घेते. एका जागी पाय घसरला तरीही.

मी असते तर काय केलं असतं, हा तुझा शेवटचा प्रश्न. पट्टा पुरता काढला नसता, कारण दिव्यांभोवतीचं काळं नसलं तर एवढ्या पातळ दिव्यांना वजनच राहत नाही. मी तो मध्ये तोडला असता. बोनेटचा लाल पत्रा दोन दिव्यांच्या मधून खाली नाकाच्या टोकापर्यंत आणला असता, घोड्याचं चिन्ह त्यावर बसवलं असतं, आणि काळं फक्त दोन कोपऱ्यांत ठेवलं असतं, आतल्या बाजूला निमुळतं होत गेलेलं. हवेची वाट जशीच्या तशी राहिली असती. समोरचा सरळ फोटो घे, कुठल्याही साध्या ॲपमध्ये पट्ट्याचा मधला एक तृतीयांश भाग लाल कर, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून दोन्ही तटांना दाखव. कोणता कोण निवडतं ते मला नक्की कळव. विशेषतः ‘वाराच रूप देतो’ म्हणणाऱ्यांनी कोणता निवडला ते.